झोपेची गोळी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि कायदा

गोंदियाच्या बाजारातल्या मेडिकलमध्ये तापाची गोळी मागितली, की काही न विचारता स्ट्रिप समोर येते. त्याच काउंटरवर झोपेची गोळी मागा, लगेच प्रश्न येतो, "चिठ्ठी आहे का?" मुर्रीसारख्या शहराजवळच्या गावातून एवढ्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला याचा राग येतो. मागच्या खेपेला हीच गोळी इथूनच नेली होती, जुनी चिठ्ठीही खिशात आहे. मग आता काय बिघडलं? तो हात हलवत परत येतो. शेजारच्या काकू सहज म्हणतात, "माझ्याकडे दहा-बारा उरल्यात, घेऊन जा."

काकूंच्या मनात माया आहे. पण दुकानदाराने नियम पाळला आणि काकूंनी मोडला, असं कायदा म्हणतो. शिवाय मोडलेला कायदा साधासुधा नाही. गांजा, चरस, हेरॉईन ज्या कायद्याखाली पकडतात, तोच. त्याचं पूर्ण नाव गुंगीकारक औषधे व मनोप्रभावी पदार्थ अधिनियम, १९८५. पोलीस, वकील, पत्रकार सगळे त्याला 'एनडीपीएस' म्हणतात. उशाशी ठेवलेल्या गोळीचा आणि या कायद्याचा संबंध कुठे येतो, हे घरोघरी माहीत असायला हवं. कारण अशा गोळ्या आता घरोघरी आहेत.

सगळ्या झोपेच्या गोळ्या सारख्या नाहीत

आपण ज्यांना सरसकट 'झोपेच्या गोळ्या' म्हणतो, त्यांत कायद्याच्या दृष्टीने निरनिराळी औषधं आहेत. अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, नायट्राझेपॅम, लोराझेपॅम, क्लोनाझेपॅम ही एका कुळातली. झोल्पिडेम रासायनिकदृष्ट्या वेगळं, पण मेंदूतलं काम जवळपास तेच. ही सगळी एनडीपीएस कायद्याच्या मनोप्रभावी पदार्थांच्या यादीत आहेत.

झोप यावी म्हणून डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलिन किंवा मिर्टाझापिन देतात, कधी मेलाटोनिन. यांतलं एकही त्या यादीत नाही. पहिल्या दोन गोळ्यांनाही चिठ्ठी लागतेच, पण त्या नुसत्या जवळ आढळल्या म्हणून एनडीपीएसचा गुन्हा होत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे स्ट्रिप उलटून औषधाचं मूळ नाव वाचणं. कंपनीने दिलेलं नाव काहीही असो, त्याच्या जवळच बारीक अक्षरांत मूळ नाव असतं. एनडीपीएसखाली येणाऱ्या औषधाच्या लेबलवर लाल अक्षरांत 'एनआरएक्स' छापलेलं असतं. दुकानदार चिठ्ठी का मागतो, याचं उत्तर त्या लाल अक्षरांत आहे.

एवढी कडक नजर कशासाठी?

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. पेशींची धावपळ कमी करणं हे त्याचं काम. अल्प्राझोलॅमच्या कुळातली औषधं या गाबाचा परिणाम वाढवतात. त्यामुळे काळजी ओसरते, स्नायू सैलावतात, झोप लागते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे फार उपयोगी औषध आहे. अडचण पुढे येते. काही आठवडे रोज घेतलं, की मेंदू त्या मदतीची सवय करून घेतो. मग तेवढ्याच गोळीने झोप येत नाही आणि माणूस अर्ध्याची एक, एकीच्या दोन करतो. अचानक बंद केलं तर छातीत धडधड, हातांना कंप, रात्र-रात्र जागरण, आणि काहींना चक्क फिट येते. दारूसोबत घेतलं तर श्वास मंदावतो आणि जीवही जातो.

दुसरं कारण गोळीच्या नशेचं. मालेगावात अल्प्राझोलॅमला 'कुत्ता गोळी' म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपॅम 'बटन' नावाने विकली जाते. स्वस्त, खिशात मावणारी, वास न येणारी नशा. तिथल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत ही दोन नावं वारंवार भेटतात. म्हाताऱ्या आईला शांत झोपवणारी गोळी आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला नादी लावणारी गोळी एकाच कारखान्यातून, एकाच खोक्यातून निघालेली असू शकते.

याआधी एका औषधाने जगाला हा धडा दिला होता. मेथाक्वालोन हे रसायन भारतातच १९५१ मध्ये इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर यांनी प्रथम तयार केलं. पुढे त्यातून 'मँड्रेक्स' ही झोपेची गोळी आली, लोकप्रिय झाली आणि मग नशेसाठी इतकी वापरली गेली, की औषध म्हणून तिचं आयुष्य संपलं. चोरटा व्यापार मात्र संपला नाही. २०१६ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने उदयपूरजवळ सुमारे साडेतेवीस टन मँड्रेक्स पकडलं. अशा औषधांच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी १९७१ सालीच व्हिएन्नात मनोप्रभावी पदार्थांवरचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता, भारत त्यात सामील झाला, आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपल्याकडे एनडीपीएस लागू झाला.

आधी बंदी, मग परवानगी

या कायद्याची बांधणी इतर कायद्यांपेक्षा उलटी आहे. साधारणपणे जे मना केलेलं नाही ते करायला आपण मोकळे असतो. इथे कलम ८ आधी सगळ्यालाच मनाई करतं. बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, नेणं, साठवणं, सेवन करणं, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आणणं, सगळं बंद. मग त्याच कलमात सवलत येते, की वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, आणि नियमांनी सांगितलेल्या पद्धतीने व मर्यादेत असेल तर चालेल. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. "मी झोपेसाठीच घेतो" एवढं सांगून भागत नाही, पद्धतही पाळलेली असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये संजीव देशपांडे प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याआधीच्या एका निकालामुळे, नियमांच्या ठरावीक यादीत नसलेली मनोप्रभावी औषधं बाळगली तर गुन्हा होत नाही, असा अर्थ काढला जात होता. ती वाट न्यायालयाने बंद केली.

रुग्णासाठी महत्त्वाचा आहे तो १९८५च्या एनडीपीएस नियमांतला नियम ६६. स्वतःच्या उपचारासाठी एखादी व्यक्ती एका वेळी जास्तीत जास्त १०० मात्रा जवळ ठेवू शकते. साध्या भाषेत एक गोळी म्हणजे एक मात्रा. दीर्घकाळ औषध लागणार असेल आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहून दिलं असेल, तर ही मर्यादा ३०० पर्यंत जाते.

आता हे घरच्या हिशेबात बसवू. पंधरा गोळ्यांच्या सहा स्ट्रिप म्हणजे ९० गोळ्या. रोज रात्री एक घेतली तर तीन महिन्यांची बेगमी. सातवी स्ट्रिप घेतली, की १०५ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पुन्हा गोंदियाला खेप नको म्हणून, नाहीतर नागपूर-रायपूरला गेलोच आहोत म्हणून एकदम सहा महिन्यांच्या गोळ्या आणून ठेवणारी माणसं असतात. त्यांच्या मनात पाप नसतं. पण चिठ्ठीत दीर्घकालीन उपचाराचा उल्लेख नसेल, तर तो साठा नियमात बसत नाही. कायदा केंद्राचा असल्यामुळे बालाघाटला, राजनांदगावला किंवा गोंदियात नियम एकच. स्वतःची गोळी मर्यादेत आणि चिठ्ठीसह नेताना राज्याची हद्द ओलांडली म्हणून घाबरायचं कारण नाही.

आणि काकूंनी देऊ केलेल्या दहा-बारा गोळ्या? काकूंना सवलत होती ती त्यांच्या स्वतःच्या उपचारापुरती. गोळी दुसऱ्याच्या हातात गेली, की ती सवलत मागे राहते. घेणाऱ्याकडे चिठ्ठी नाही, देणाऱ्याकडे परवाना नाही. पैसे घेतले नाहीत म्हणून गुन्हा पुसला जात नाही.

वजन कशाचं करायचं?

या विषयातला सगळ्यात कळीचा, आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला भाग हा.

एनडीपीएसमध्ये शिक्षा ठरते ती जप्त केलेल्या मालाच्या वजनावर. १९ ऑक्टोबर २००१च्या अधिसूचनेने प्रत्येक पदार्थासाठी दोन आकडे ठरवले. पहिल्यापेक्षा कमी ते 'अल्प प्रमाण', दुसऱ्यापेक्षा जास्त ते 'व्यापारी प्रमाण', मधलं सगळं मधल्या पायरीवर. अल्प्राझोलॅमसाठी हे आकडे ५ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. डायझेपॅम आणि नायट्राझेपॅमसाठी २० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम.

वाचणाऱ्याला वाटतं, १०० ग्रॅम अल्प्राझोलॅम म्हणजे केवढा तरी ढीग असणार. गोळीत औषध असतं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्या हिशेबाने १०० ग्रॅम व्हायला दोन लाख गोळ्या लागतील. एवढ्या गोळ्या घरात कोण ठेवतो?

पण हिशेब तसा होत नाही. खीर तोलताना कोणी तिच्यातली वेलची वेगळी काढत नाही, पातेल्यातल्या सगळ्या खिरीचं वजन धरतात. गोळीतही खरं औषध वेलचीएवढंच, बाकी पिठूळ, निरुपद्रवी भर. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की फक्त औषधाचं वजन धरा. १८ नोव्हेंबर २००९च्या अधिसूचनेने सरकारने सांगितलं, संपूर्ण मिश्रणाचं धरा. वाद चालत राहिला. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी हिरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला, की निरुपद्रवी भरीसह संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. २००८चा निकाल रद्दबातल ठरला.

आता पुन्हा तीच अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेऊ. गोळीचं एकूण वजन कंपनीप्रमाणे बदलतं. सोयीसाठी १०० मिलिग्रॅम धरू. मग ५० गोळ्या म्हणजे ५ ग्रॅम. अल्प प्रमाण तिथेच संपलं. आणि एक हजार गोळ्यांच्या वर गेलं, की थेट व्यापारी प्रमाण. दोन लाखांचा आकडा एक हजारावर आला!

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नियम ६६ प्रमाणे रुग्ण ज्या १०० गोळ्या कायदेशीरपणे बाळगू शकतो, त्यांचं वजन या हिशेबाने १० ग्रॅम भरतं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी लिहून दिल्या असतील तर गुन्हा नाहीच. पण त्याच १०० गोळ्या उपचाराचा कसलाही पुरावा नसलेल्या माणसाकडे सापडल्या, तर तो अल्प प्रमाणाच्या सवलतीतूनही बाहेर पडतो आणि दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या पायरीवर जातो. खिशातला एक कागद एवढा फरक पाडतो. न्यायालयाचा हेतू तस्करांनी भेसळीचा आडोसा घेऊ नये हा होता आणि तो योग्यच आहे. पण तयार, कंपनीने बनवलेल्या गोळ्यांच्या बाबतीत हे माप फार कडक पडतं, असं माझं मत आहे. स्ट्रिपवर मिलिग्रॅमचा आकडा छापलेला असताना त्यातली भर तोलून माणसाची वर्षं ठरवणं मला पटत नाही. कायदा मात्र आज असा आहे, आणि वाचकाने तो तसाच जाणून घ्यावा.

चौकट: मनोप्रभावी गोळी बेकायदा बाळगल्यास (कलम २२)

अल्प प्रमाण: १ वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
मधलं प्रमाण: १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड.
व्यापारी प्रमाण: किमान १० ते कमाल २० वर्षं सक्तमजुरी आणि १ ते २ लाख रुपये दंड.
नुसतं बेकायदा सेवन (कलम २७): या गोळ्यांसाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पकडलं तर पुढे काय

माल सापडला, की पंचनामा होतो, मुद्देमाल सील होतो, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढून रासायनिक तपासणीला जातात. अंगझडतीआधी पोलिसांनी एक गोष्ट सांगावीच लागते, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती व्हावी, असा आग्रह धरण्याचा तुम्हाला हक्क आहे. हे कलम ५०. ते नुसतं उरकण्यापुरतं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडून ठणकावून सांगितलं आहे. बाईची झडती बाईनेच घ्यायची. पिशवी किंवा गाडी तपासताना मात्र कलम ५० लागू होत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एनडीपीएसचे सर्व गुन्हे अजामीनपात्र धरले आहेत. म्हणजे प्रमाण अल्प असलं तरी पोलीस ठाण्यातून हक्काने जामीन मिळत नाही, न्यायालयात जावं लागतं. व्यापारी प्रमाण असेल तर कलम ३७ आडवं येतं. आरोपी दोषी नसावा आणि सुटल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, असं मानायला सबळ कारण आहे, अशी खात्री पटल्यावरच न्यायालय जामीन देऊ शकतं. अशा प्रकरणात आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात. आणखी एक गोष्ट. माल ताब्यात सापडला, की तो जाणूनबुजून बाळगला होता असं कायदा गृहीत धरतो. तसं नव्हतं, हे आरोपीने दाखवायचं असतं. अशा वेळी डॉक्टरांची चिठ्ठी आणि मेडिकलचं बिल हेच सगळ्यात सरळ उत्तर.

दुकानदाराची बाजू

दुकानदारावर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा वेगळा कायदा लागू होतो. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलॅम, डायझेपॅम, नायट्राझेपॅम, झोल्पिडेम यांसारखी औषधं 'शेड्यूल एच-१'मध्ये आहेत. ही विकताना स्वतंत्र वहीत डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे लिहावं लागतं आणि वही तीन वर्षं जपावी लागते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक ती तपासतात. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच दुसऱ्यांदा. आजोबांच्या खिशातली जुनी चिठ्ठी चालली नाही ती या नियमामुळे. दुकानदार आडमुठेपणा करत नव्हता, तो स्वतःचा परवाना आणि आजोबांची तब्येत दोन्ही सांभाळत होता.

परवान्याशिवाय औषध विकणाऱ्याला या कायद्यात तीन ते पाच वर्षं कैद आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. एनडीपीएस लागायचा तो वेगळाच. म्हणून व्हॉट्सॲपवरून किंवा कुरिअरने 'बिना चिठ्ठी' गोळ्या मागवणारा नुसता नकली औषधाचा धोका घेत नाही, तो एका गुन्ह्यातला खरेदीदार होतो. मार्च २०२० मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनीही फोनवरच्या सल्ल्यातून अशी औषधं लिहून देण्याला सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. आखाती देशांत मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी आणखी जपावं. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नेण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते.

सवय लागली असेल तर

ज्यांना गोळीशिवाय झोपच येत नाही, जे चिठ्ठी संपल्यावर कुठून तरी गोळ्या मिळवतात, अशा माणसांना हा लेख वाचून धास्ती वाटेल. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सवय लागलेली व्यक्ती सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडली आणि तिने स्वतःहून मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर तिच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. हे कलम वापरलं जातं फार कमी, कारण ते माहीतच नसतं.

गोळी एकदम बंद करू नका. डॉक्टर ती आठवड्या-आठवड्याने थोडी थोडी कमी करत आणतात. मुर्री आणि आसपासच्या गावांना गोंदियाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि केटीएस रुग्णालय जवळ आहे. तिथवर जायचा धीर होत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. घरात कुणी अशी गोळी घेत असेल, तर आज त्यांची स्ट्रिप आणि चिठ्ठी एकत्र बघा. मूळ नाव वाचा, गोळ्या मोजा, चिठ्ठीवरची तारीख तपासा. आणि गोळ्या उरल्या असतील तर शेजाऱ्याला देऊ नका.